शिंदीच्या पानांचं बाशिंग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या मैत्रिणीजवळ नाही. देवाजवळही नाही — त्याच्यासमोर उभी राहिले की पोराबाळांच्या परीक्षांचं तेवढं बोलते आणि निघते. आज मात्र ठरवून बसले आहे. अर्ध्यातून उठायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलंय.

सुरुवात पुष्पचक्रापासून करते. तिथूनच का, ते पुढं कळेल.

मी सावली तालुक्यातल्या एका शाळेत बाई होते. शाळेत काही समारंभ असला की फुलांचं काम माझ्याकडे. पाहुण्याचा हार, फोटोचा हार, स्मारकावर वाहायचं चक्र — सगळं पोरींना घेऊन मी करवून घ्यायचे. बांबूची कामटी वाकवायची, तिच्यावर भाताचं तणस गुंडाळायचं, सुतळीनं आवळायचं आणि मग झेंडू टोचत जायचं. एकदा एका पोरीनं ते चक्र गंमत म्हणून मैत्रिणीच्या गळ्यात घातलं, तेव्हा मी तिला केवढी रागावले होते! हार जित्याला आणि देवाला, चक्र फक्त गेलेल्याला, एवढंही कळत नाही का म्हणून. कळायचं शहाणपण माझ्याकडे फार होतं.

पण चक्र करून दिलं तरी मी ते कधी वाहिलं नाही. माझा भाऊ पोलिसात होता, नोकरीवर असतानाच गेला, म्हणून दर वर्षी मला मान द्यायचे — बाई, तुम्ही वाहा. मी दर वर्षी काहीतरी सांगायचे. कंबर धरली, चक्कर येते. लोकांना वाटायचं, बाईंना भावाची आठवण सहन होत नाही. डोळ्यांत पाणी आणून बघायचे माझ्याकडे. आणि मी बघू द्यायचे — हेही लिहून ठेवते.

भावाचं नाव बंडू. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, त्याच्याहून लहान रमेश. वडील लवकर गेले. बंडू शिपाई म्हणून भरती झाला आणि एटापल्लीकडे त्याची बदली झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वेळी एटापल्ली म्हटलं की आमची माय नक्षल्यांच्या भीतीनं देव पाण्यात घालून बसायची. एका दिवाळीला तो आला आणि मी न्हाणीपाशी भांडी घासत होते तिथं येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "बाई, मी लगन करून टाकलो. मायले तूच सांग, मले हिंमत होऊन नाई राह्यली."

मुलीचं नाव मैनी. जंगलातल्या गावची, माडिया आदिवासी. तिच्या गावातच, तिच्या माणसांच्या रीतीनं लग्न झालं होतं. आपल्याकडचंही काहीतरी हवं म्हणून त्यानं हट्ट धरला, तर तिच्या मामानं शिंदीच्या पानांचं बाशिंग विणून दिलं, असं बंडू हसत सांगत होता. आमच्याही गावात तेव्हा तसंच बाशिंग बांधायचे. ते त्यानं टाकलं नव्हतं, मैनीनं घरात आढ्याला टांगून ठेवलं होतं.

मी हो म्हटलं. सांगते म्हटलं. आणि सांगितलं नाही. मायला काय वाटेल, गाव काय म्हणेल, रमेशला उद्या मुलगी कोण देईल — कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. आज सांगू, उद्या सांगू करत मी पुढचा पावसाळा आणला.

त्या पावसाळ्यात बंडूला ताप आला आणि तो डोक्यात चढला. तिकडचा मलेरिया कसा असतो, ते तिकडच्यांनाच विचारा. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची शुद्ध गेली होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून त्याला घरी आणलं.

अंगणात बाज टाकली होती. शिपाई रांगेत उभे होते. साहेब तरुण होते, घाटाकडचे, बोलायला मऊ. त्यांनी पुष्पचक्रं आणली होती. दोन चक्रांवर पोलीस ऑफिसचं नाव लिहिलेली पट्टी होती, तिसरं कोरं होतं — घरच्यांसाठी. माय शुद्धीवर नव्हती म्हणावं अशीच होती आणि घरात शिकलेली मी, म्हणून साहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, लग्न झालं होतं असं कुणीतरी म्हणत होतं, कागदावर मात्र काही नाही. पत्नी असतील तर पहिलं चक्र त्यांच्या हातून वाहू.

मी उत्तर देणार एवढ्यात ती आली. एटापल्लीहून एसटी बदलत बदलत आली असणार, पायांवर पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला किती वेळ लागतो? ती कुणाशी बोलली नाही. सरळ बाजेपाशी गेली, काखेतलं गाठोडं सोडलं आणि ते बाशिंग काढून बंडूच्या कपाळावर ठेवलं. पानं वाळून पिवळी पडली होती. एक पान दुमडलं होतं, ते तिनं बोटानं सरळ केलं. मग बाजेला धरून उभी राहिली. तिला वाटलं असेल, आता वेगळं काय सांगायचं? नवऱ्याचं बाशिंग बायकोशिवाय कुणाच्या घरात असतं?

आता इथं तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लग्नाचा पोरगा लग्नावाचून गेला तर आमच्या गावात त्याला हळद लावतात, बाशिंग बांधतात आणि मग उचलतात. नवरदेव होऊन जाऊ दे बिचारा, म्हणून. म्हणजे कपाळावरचं बाशिंग बघून अंगणातल्या कुणालाच नवल वाटलं नाही. सगळ्यांनी तोच अर्थ काढला. एकटी मी होते, जिला खरा अर्थ माहीत होता.

साहेबांनी विचारलं, या कोण? आणि हे काय?

मी म्हणाले, "बिनलग्नाचा गेला साहेब. आमच्याकडे असं बाशिंग लावून पाठवतात. ही त्याचा स्वयंपाक करायची."

एवढंच. आवाज कापला नाही. शाळेत हजेरी घेते तसा स्पष्ट निघाला. घाबरले म्हणून बोलले का? गावाला घाबरले होते, खरं आहे. पण त्याच क्षणी माझ्या मनात रमेशची नोकरीही येऊन गेली — बायको नसली तर गेलेल्याच्या जागी भावाला लागते, हे मला ठाऊक होतं. मेलेल्या भावाच्या उशाशी उभं राहून मला ते सुचलं.

साहेबांनी टोपी काढून बाशिंगाला हात जोडले. 'बिनलग्नाचा' हा शब्द मायच्या कानावर गेला आणि तिनं जो हंबरडा फोडला! हळद आणा म्हणाली. स्वतःच्या हातानं त्याच्या गालांना लावली. कोरं चक्र मी मायच्या हातात दिलं, तिचे हात धरून वाहवलं. मैनी बाजूला सरकली. कुणीतरी तिला सरकवलं — कुणी, ते मी बघितलं नाही म्हणणार होते. मीच सरकवलं. बंदुकीच्या फैरी झाडल्या तेव्हा ती बायकांच्या मागे, आमच्या गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. बाशिंग बंडूबरोबर जळालं.

संध्याकाळी मायनं तिला हाताला धरून आत आणलं. स्वतःच्या तोंडात घास जात नव्हता तरी शेजारणीनं आणलेला भात तिला वाढला. म्हणाली, "माह्या लेकराले तू जेवू घातलं, माय. तुले मी काय देऊ?" आणि पेटीतलं नवं लुगडं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. सुनेला देतात तसं नाही. राबणाऱ्या बाईला देतात तसं.

मैनीनं भात खाल्ला. लुगडं घडी न मोडता पाटावर ठेवलं. दारात मी उभी होते, तिथं थांबली आणि तुटक मराठीत म्हणाली, "बाई, तुमाले त मालूम होतं."

मी म्हटलं, एसटी चुकेल. गडचिरोलीची शेवटची गाडी होती, तिनं ती गेली.

रमेशला नोकरी लागली. मायला बंडूची पेन्शन सुरू झाली. त्यातलं मी काही घेतलं नाही, असं सांगून मला सुटायचं नाही. सगळं मीच तर मिळवून दिलं होतं.

माय पुढं बरीच वर्षं जगली. एका उन्हाळ्यात मोहफुलं वाळत घालताना तिनं एकाएकी विचारलं, "ते पोरगी गुणाची होती. आपल्या बंडूले असी बायको भेटाले पायजे होती. लगन झालं असन का वो तिचं?"

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघीच होतो. माय रागावली नसती. एटापल्लीची पहिली गाडी धरून गेली असती म्हातारी, सुनेला बघायला. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी म्हटलं, "झालं असन."

माय आता नाही. म्हणजे सांगायची हिंमत आली तीही कुणाचं तोंड बघावं लागणार नाही तेव्हा. रमेश येत्या रविवारी येतोय, त्याला मी समोर बसवून हे सगळं सांगणार आहे. त्याचा संसार आहे, तो भडकेल, बोलणं टाकेल. टाकू दे. त्यानंतर पोलिसांच्या त्या ऑफिसला माझ्या सहीनिशी लिहून देणार आहे. मैनीच्या दारात जाऊन तिच्यासमोर रडणार नाही. तेवढं तरी तिच्या माथी मारायचं नाही.

मैनी माझी भावजय आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि ती कोण म्हणून मी सांगते, ते ऐकत होती.