बंद मशीननं खाल्लेला हात

गेनबा गेल्याचं मला नेकनूरच्या बाजारात कळलं. न्हावी माझ्या गालावर वस्तरा टेकवून म्हणाला, "तुमचा दोस्त पहाटं गेला, मास्तर." मला मानही हलवता येईना... महिना उलटला. पण दुःखापेक्षा मला अजून त्या जुन्या निकालाचाच संताप जास्त येतो.

गेनबा बीडच्या एका जिनिंगमध्ये सरकी काढायच्या मशीनवर होता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यार पुजतात, चालवत नाहीत. त्या दिवशी कुणी विळासुद्धा उचलत नाही. त्या वर्षी मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, नारळ फुटला आणि तेवढ्यात पहिल्या कापसाच्या गाड्या दारात आल्या. शेठजींना दम निघेना. "चालू करा," म्हणाले. गेनबासकट पाचही जण कचरले, पण मशीन फिरलं. देवीची माळ आत ओढली जातेय हे बघून गेनबानं ती काढायला हात घातला... कोपरापासून गेला.

निजामाच्या राज्यात तेव्हा कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा नवा होता. दाव्यांचा निकाल देणाऱ्या साहेबांना काय कमी अधिकार होते! कुणालाही बोलवावं, शपथेवर विचारावं, स्वतः कारखान्यात जाऊन बघावं. मला उर्दू येत असल्यानं मी गेनबाबरोबर कचेरीत उभा होतो. त्याच्या चारही सोबत्यांनी एकामागून एक सांगितलं, "नवमीला मशीन बंद हुतं." शेठजींची भीती होतीच, पण देवीची त्याहून मोठी. पुजलेलं हत्यार चालवल्याचं पाप भर कचेरीत कोण कबूल करणार?

"मशीन बंद हुतं तर माझा हात कुनी खाल्ला, साहेब?" गेनबा ओरडला.

मी ते उर्दूत सांगितलं. जिनिंग हाकेच्या अंतरावर आहे, एकदा येऊन बघा, अशी विनवणीही केली. "जायचं की नाही, हा माझा अधिकार आहे," साहेब पानाला चुना लावत म्हणाले. सणाला मशीन बंद असतं हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे, सबब जखम कामावरची नाही, दावा खारिज. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एवढे अधिकार हातात असून त्यांनी फक्त न जाण्याचा तेवढा वापरला.

तिरडीला खांदा द्यायला तेच चौघं पुढं आले. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. गेनबाची बायको रखमा म्हणाली, "येऊ द्या मास्तर, त्यानी कवाच माफ केलतं त्यान्ला." त्यानं केलं असेल, मी केलेलं नाही.

परवा तिच्याकडे गेलो होतो. खुंटीवर गेनबाचा सदरा तसाच लटकत होता, दोन्ही बाह्या पुऱ्या. शिंपी दर वेळी विचारायचा, उजवी आखूड करू का? गेनबा म्हणायचा, "कामून रं? सरकारी हुकमात मशीन बंद हुतं, म्हंजी माझा हात शाबूत हाय. पुरी शिव!" सदरा आता विटलाय. डाव्या बाहीला कोपरावर ठिगळ आहे, मनगटाशी दोरे सुटलेत. उजवी बाही कुठंच झिजलेली नाही.