बुडालेल्या मचव्याची कौलं

तुमच्या खाडीत बुडालेलं जहाज कुणाचं, असं विचारलं तर काय उत्तर द्याल? मी तर ‘जनतेचं’ असं छापूनच टाकलं होतं.

पनवेलच्या आमच्या घरी पोळ्यासुद्धा उरलेल्या पत्रकांवर गार व्हायच्या. निषेधाची शाई पोटात घेऊन मी वाढले. त्यामुळे गव्हाणच्या खाडीत ओहोटीला लाकडी फासळ्या वर आलेल्या दिसल्या आणि शेजारी भरावाचे डंपर, तेव्हा गप्प बसणं शक्यच नव्हतं. ‘प्राचीन जहाज वाचवा! एकही वस्तू हलवू नका!’ अशी पत्रकं मी गावभर वाटली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर एक म्हातारी गुडघाभर चिखलात उभी राहून त्या जहाजातून कौलं उपसत होती. काठावर माझ्याच पत्रकात तिची मिश्री बांधलेली.

मी तिला भाषण दिलं. वस्तू कुठे पडली यातच इतिहास असतो, ती उचलली की इतिहास मुका होतो, वगैरे. तोवर तिने आणखी एक कौल उपसलं.

“बाय, मचवा माज्या घरवाल्याचा. कौलं माज्या चुलीवरच्या छपराची. मचवा बुडाला तवापासून पत्र्याखाली रांधतंय मी. इतिहास मुका नाय, तुज्यासमोर उभा हाय.”

मग सगळं कळलं. घरासाठी कौलं आणताना नवऱ्याला सुकाणूवर डुलकी लागली, मचवा खडकावर गेला आणि तो मरेपर्यंत वाऱ्याला दोष देत राहिला. माझा ‘प्राचीन’ काळ म्हणजे तिचा थोरला पाळण्यात होता तेव्हाचा. भरावाने खाडीचं पाणी हटलं, म्हणून मचवा इतक्या वर्षांनी उघडा पडला होता आणि तोच भराव चार दिवसांत तिथवर येणार होता. नंतर कौलंही नाहीत आणि छप्परही नाही.

तत्त्व सोडायचं नव्हतं, म्हणून मी पत्रकांच्या पाठीवर मचव्याचा नकाशा काढला, प्रत्येक कौलावर नंबर रंगवला, ते कुठे सापडलं ते लिहिलं आणि मगच डोक्यावर घेतलं. दोनदा भरतीत मीच बुडाले. कौलांना चिकटलेल्या कालवांचा तिने रस्सा केला. तो पुरावा मी भाकरीबरोबर खाल्ला. उरलेल्या प्रत्येक पत्रकावरचं ‘प्राचीन’ हाताने खोडलं.

मचवा आता भरावाखाली आहे. तिचं स्वयंपाकघर मात्र कौलारू आहे, नंबरांसकट. सतरा नंबर गळतं. ते कुठल्या फासळीजवळचं, हे मी कागद बघून लगेच सांगते. तिला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तुमच्या किनाऱ्यावर असं काही बुडालेलं असेल, तर पत्रक छापण्याआधी त्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला शोधा. ते माणूस जे सांगेल ते भराव पडायच्या आत लिहून घ्या.