पोटावरची नागीण

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात माझ्याकडे एकच काम, डोळ्यांची आखणी. रंग मारणारे पुष्कळ आहेत, पण मूर्तीला नजर मी देते आणि त्याचा मला थोडा माजही आहे. मध्यंतरी शुगर एवढी वाढली की बुबुळाची कड अंधूक दिसायला लागली. तेव्हा मी खरंच घाबरले. मग आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं. शुगर उतरली, वजनही जरा उतरलं आणि नजर निवळली.

सगळं झकास चाललंय म्हणेपर्यंत बेंबीच्या डाव्या बाजूला लाल चट्टा उठला. दर इंजेक्शनानंतर तो आणखी पसरायचा. खाज अशी की ब्रश हातात धरवेना.

सासूबाईंचं माहेर मिठागराकडचं. मी साडी बदलताना त्यांनी तो चट्टा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"ही नागीन हाय गो! कमरंला येढा घालून तोंडाला शेपूट मिललं का मानूस हाती लागत नाय. पयलं ते इंजेक्शन बंद कर!"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी गेरू कालवून माझ्या पोटावर जाडजूड लेप थापला. इंजेक्शन बंद म्हणजे माझी आखणी बंद. मी तशीच रोह्याची एसटी धरली. तिथे कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या.

"आधी हे सारवण धुऊन या," बाई म्हणाल्या. धुऊन आल्यावर विचारलं, "इंजेक्शन कुठे टोचता?"

मी बोट ठेवलं.

"आणि मागच्या आठवड्यात?"

"तिथेच. दर वेळी तिथेच, तिळभर इकडे नाही की तिकडे!" मी ऐटीत सांगितलं. आखणीचा हात आहे माझा, चुकेल कसा?

बाई हसत सुटल्या. "अहो, इथे नेम नको! दर वेळी जागा बदला, कधी पोट, कधी मांडी. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, स्पिरिट वाळू द्या. खाजलं तर गार पाण्याची पट्टी. अंगभर पित्त उठलं, तोंड सुजलं, दम लागला, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. आणि एवढं करूनही चट्टे आले, तर हे औषध थांबवावं लागेल." ही नागीण नव्हे, हे त्यांनी सासूबाईंना दोनदा सांगितलं. सासूबाईंनी दोनदा मान हलवली. पटलं काहीच नव्हतं.

चट्टा बसल्यावर पुढचं इंजेक्शन मी मांडीत घेतलं. सकाळी डोळे उघडले तर सासूबाई माझी चादर बाजूला करून मांडी निरखत होत्या.

"काय नाय उठलं गो," त्या म्हणाल्या, "काय बी नाय."

मग तिथेच खाटेवर बसून, पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. मी इतके दिवस माझ्या नजरेची काळजी करत होते. त्या बिचाऱ्या मीच जाते की काय म्हणून रोज झुरत होत्या.