आळणीची वाटी

नाशिकहून सेलूपर्यंत मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. वर फळीवर ठेवा म्हणणाऱ्या दोघांवर तर मी चक्क खेकसले. बॅगेत माझे कपडे होते, मसाल्याच्या दोन डब्या होत्या आणि टॉवेलात गुंडाळलेली लाल वाइनची बाटली होती. मी नाशिकला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. धनगराची पोर असून गावात कुणी नावही ऐकलं नाही असले पदार्थ रांधते, याचा मला भारी तोरा होता. शिवाय मी तापट. हॉटेलात त्याला शिस्त म्हणतात, घरी तोंडाळपणा.

निमित्त मात्र माझ्या वडिलांनी, आबांनीच दिलं होतं. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, शेळ्यांच्या जोडीला टर्की पाळायला घेतल्या होत्या. एकदा फोनवर आबा म्हणाले, "तू तिकडं काय रांधतीस ते आमाला बी खाऊ घाल की एकदा. दादाचं ते मोठं पाखरू लय माजलंय." माझ्या कामाबद्दल आबांनी आपणहून काही बोलण्याची ती पहिलीच वेळ. मी हुरळले. हॉटेलात आम्ही टर्की करतो ती वाइनच्या सॉसमध्ये आणि वाढतो ती परतलेल्या पालेभाज्यांवर. तीच करायची, अगदी तशीच करायची, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. दुसरं काही करता आलं असतं हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही.

यायला हवं होतं. आबा दारू पीत असत. फार वर्षं पीत असत. आमचं घर वालूरच्या बाहेर, शेताला लागून. दिवस कलला की शेळ्या घरी यायच्या आणि त्यांच्या मागं माणूस नसायचा. मग माय हातातलं काम टाकून कालव्याकडं चालायला लागायची. एकदा ते कालव्याच्या पाण्यातच सापडले. दादानं ओढून काढलं म्हणून वाचले. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकासमोर भंडारा उचलला. आमच्यात हळदीचा भंडारा हातात घेऊन उचललेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द, ती मोडणाऱ्याला घरातसुद्धा कुणी मान देत नाही. त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत मायनं त्यांच्यासमोर दारू हा शब्दही उच्चारलेला नाही.

आल्या दिवशीच माझे कपडे धुवायला काढताना मायला बाटली सापडली.

"ह्ये काय गं?"

"द्राक्षाचा रस हाय," मी म्हणाले.

"मला शिकवू नको. बूच बघून कळतं मला." तिनं बाटली पदराखाली घेतली होती, बाहेर आबा दोर वळत बसले होते म्हणून. "कामून आणलीस?"

मग मी तिला समजावायला बसले. ही पिण्याची नाही, सॉसची आहे, शिजताना सगळी नशा उडून जाते, साहेबलोक लेकराबाळांसह खातात, वगैरे. माझा आवाज मास्तरणीसारखा लागला असणार. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उडून जाती का राहती, ते तुझ्या साहेबाला ठाव. ह्यांच्या जिभेला काय ठाव हाय ते मला इचार. एक थेंब जिभेला लागला तर माझी आठ वर्षं गेली, बाई."

"काही होत न्हाई. मी रोज करते."

"मग आधी त्यायला सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई, तूच सांग."

"खाल्ल्यावर सांगते."

माय बाटली माझ्या हातात देऊन भांडी घासायला निघून गेली. तिनं बाटली फोडली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण लेकीनं एवढ्या लांबून आणलेली वस्तू फोडायची तिची हिंमत झाली नसावी. मी मात्र तिचं गप्प बसणं हे माझं जिंकणं समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी टर्की कापली. घरात देवाचे टाक असल्यामुळं वशाट, म्हणजे मांसमटण, आमच्याकडं अंगणातल्या चुलीवरच शिजतं. मी पहाटेच शेतात जाऊन हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून आणले होते, बांधावरचा चाकवत आणला होता, मेथीची जुडी घरात होतीच. हॉटेलात परदेशी पाला वापरतात. तो या पाल्यापुढं पाणी भरेल असं मी दादाला ऐकवलं. दादा कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालत होता आणि हसत होता. पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो तसा विझतोही, त्यामुळं मला चुलीपासून हलता येत नव्हतं. बाटली मी चुलीमागच्या लाकडांत उभी केली होती. माय थोड्या अंतरावर भाकरी थापत होती. ती सकाळपासून माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

आबा वाडग्यात, म्हणजे शेळ्यांच्या कुंपणात, काहीतरी ठोकत होते. मी दर थोड्या वेळानं तिकडं बघत होते. मनातून मलाही भीती वाटत होती, पण ती मायची भीती आहे, मला उगाच लागलीय, असं मी स्वतःला बजावत होते.

टर्कीचे तुकडे तेलात लालसर झाले. कांदा, लसूण, मिरी पडली. मग मी बाटली उघडली आणि अर्धीअधिक पातेल्यात ओतली. चर्र झालं आणि अंगणभर आंबटगोड वाफ उठली. वारा नेमका वाडग्याकडं वाहत होता. मायच्या भाकरीच्या थापा क्षणभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. आता अर्धा तास, मी म्हटलं. अर्ध्या तासात रस आटेल, वास मरेल, आणि मग कुणाला काही कळणार नाही.

पाच मिनिटंही झाली नसतील. वाडग्यातली ठोकाठोक थांबली. आबा हातपाय धुऊन, हातात वाटी घेऊन चुलीपाशी येऊन उभे राहिले.

आमच्यात जनावर कापणाऱ्याला आळणीची पहिली वाटी असते. आळणी म्हणजे तिखट पडायच्या आधीचा, नुसत्या हळदीमिठाचा रस्सा. कळायला लागल्यापासून मी हे बघत आले होते. मांस शिजत आलं की माय हाक मारते, आबा वाटी घेऊन येतात, उभ्यानंच पितात आणि मीठ सांगतात. हॉटेलात पातेल्यापाशी कुणी वाटी घेऊन येत नाही. त्यामुळं वाइन वाटी द्यायच्या आधी घालायची का नंतर, हा प्रश्नच कधी पडत नाही. मी हॉटेलसारखं रांधायला बसले आणि आपल्याच घरची रीत साफ विसरले. आज तर मायनं हाकही मारली नव्हती.

"आबा, कच्चं हाय अजून," मी म्हणाले.

"असू दे. आळणी दे."

"आज आळणी न्हाई. ह्याची तऱ्हा येगळी हाय."

"रस्सा तर हाय न्हवं? वाढ."

ते माझ्याकडं बघतच नव्हते. पातेल्याकडं बघत होते. वाटी चांगली पुढं आली होती. मायच्या थापा पुन्हा थांबल्या. या वेळी त्या सुरू झाल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

मी पळी बुडवली. खोटं कशाला सांगू, बुडवली आणि भरूनही घेतली. एक वाटी तर आहे. प्यायल्यावर म्हणतील, वा, आणि मग सांगू हसत हसत. पळी वाटीपर्यंत गेली तेव्हा माझी नजर मायवर पडली. पिठाचे हात तसेच अधांतरी होते आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. आठ वर्षं न उच्चारलेला शब्द तिला त्या क्षणीही बोलता येईना.

"आबा, ह्यात दारू हाय," मी म्हणाले.

दादाच्या हातातली पऱ्हाटी तशीच राहिली. मी घाईघाईनं बोलत सुटले, की द्राक्षाची आहे, मी आणली, मायनं आधी सांग म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही. आबा ओरडतील, वाटी फेकतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. वाटी होती तिथंच राहिली. ती मागं घ्यायला त्यांना किती वेळ लागला, हे मी अजून विसरलेले नाही.

"ठाव हाय," ते म्हणाले.

"काय ठाव हाय?"

"लाकडात बाटली ठिवलीस तवाच बघितली. आन् वास काय, वाडग्यापत्तोर यायलाय."

"मग वाटी घेऊन कामून आलात?"

आबा खाली बसले, उकिडवे. "तू सांगणार न्हाईस, असं वाटलं," ते म्हणाले. "न सांगता वाढली असतीस, तर म्या पिलो असतो. भंडारा मोडला न्हाई, पोरीनं न कळता पाजली, असं म्हणलो असतो. सकाळपासून त्योच इचार करायलोय वाडग्यात. मायनं हाक मारायच्या आत यावं, आटायच्या आत यावं. लय तयारीनं आलतो, बाई."

त्यांच्या आवाजात सुटका नव्हती. राग होता, आणि तो मी सांगितलं म्हणून होता. मला तेव्हा त्यांची भीती वाटली आणि लगेच माझीच इतकी लाज वाटली की पळी हातातून खाली ठेवता येईना.

"पातेलं न्या," आबा म्हणाले. "लांब न्या. ती बाटली बी." मग माझ्याकडं मनगट पुढं केलं. "तोवर हात धर माझा. घट धर."

दादानं बाटली काखेत मारली, पातेलं फडक्यानं उचललं आणि शेतापलीकडच्या खड्ड्याकडं धावतच निघाला. मी आबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, औषध पाजताना शेळी धरतात तसं. ते खरोखर ओढत होते. दादा कुंपणाआड दिसेनासा झाला तेव्हा कुठं ओढ थांबली. मायनं उठून करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि दुसरी थापायला घेतली. तिचे गाल ओले होते.

दुपारी आम्ही चौघांनी भाकरी आणि पाला खाल्ला. हरभरा, चाकवत, मेथी, सगळं एकत्र परतलेलं, वर शेंगदाण्याचं कूट. आबांनी दोनदा मागून घेतला. मीठ बरोबर आहे म्हणाले. जेवण झाल्यावर हात धुताना, माय आत गेलेली बघून, त्यांनी हळूच विचारलं, "उद्या जायलीस का?"

"व्हय, सकाळच्या गाडीनं."

"चार दिस थांब. तुझ्या मायला एकटीला न्हाई आवरायचा मी ह्या वक्ताला."

मी हॉटेलात फोन करून रजा वाढवून मागितली. कारण काय, असं त्यांनी विचारलं. घरी आजारी माणूस आहे, असं मी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.