त्याच्या नावाची सव्वा मूठ

वॉर्डातल्या आया माझ्या पाठीमागे मला 'फौजदारीण' म्हणतात, हे मला चांगलं माहीत आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सुरतेच्या ज्या केंद्रात मी नर्सची नोकरी करते तिथे मेंदूच्या आजाराची मुलं येतात. कुणी जन्मताच रडलेलं नसतं, कुणाच्या मेंदूत ताप गेलेला असतो, कुणाला दिवसभर झटके येत राहतात. यातली बहुतेक बरी व्हायची नसतात. आमचं काम म्हणजे त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, घशातला कफ मशीनने ओढून काढायचा, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, आणि हे सगळं घरी जमेल इतकं त्यांच्या आयांना शिकवायचं. त्यात लाडाने भागत नाही. आईने एक दिवस कंटाळा केला तर मूल आठ दिवस भोगतं, म्हणून मी ओरडते.

ज्या मुलाबद्दल मला लिहायचं आहे तो सुरतेतल्याच नवागामचा होता. सात वर्षांचा, पण कडेवर घेतला तर तीन वर्षांचा वाटायचा. जन्मताना त्याला श्वास मिळाला नव्हता. मान धरत नव्हता, बोलत नव्हता, नजर मात्र आईच्या आवाजाकडे वळायची. बाप लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी करायचा. आई घरी बसून साड्यांवर टिक्की, म्हणजे चमक्या, चिकटवायची, त्यामुळे तिच्या बोटांना कायम गोंदाचा वास यायचा. मूळचे आमच्याच खानदेशातले. माझे वडीलही असेच लूमवर काम करायला सुरतेत आले आणि इथलेच झाले, त्यामुळे ती बाई माझ्याशी बिनधास्त अहिराणीत बोलायची आणि मीही तिला त्याच भाषेत झापायची.

त्या मुलाला गिळता येत नव्हतं. तोंडात दिलेलं पोटात जाण्याऐवजी श्वासनळीत उतरायचं, आणि वाईट गोष्ट अशी की त्याला ठसकाही लागायचा नाही. आपल्याला ठसका लागतो म्हणून आपण वाचतो. अशा मुलांच्या छातीत अन्न गुपचूप साठत जातं आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून त्याच्या नाकातून पोटापर्यंत नळी घातली होती आणि डाळीचं पाणी, दूध, पातळ खिचडी सगळं पिचकारीने त्या नळीतून जायचं. त्याच्या आईला हे मीच शिकवलं. आधी पिचकारी मागे ओढून पोटातलं पाणी येतं का बघायचं, मूल उशीला टेकवून बसतं करायचं, सावकाश सोडायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या आयांमध्ये तिच्याइतकी चोख कुणी नव्हती. दोन वर्षांत तिने एकदाही चूक केली नाही. मूल अंगाने भरायला लागलं होतं, छातीचा त्रास थांबला होता. डॉक्टर नव्या आयांना सांगायचे, त्या बाईकडून शिका.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी आमची देवी, कानबाई बसते. सुरतेत आमची वस्ती एवढी वाढली आहे की त्या रविवारी नवागाम, गोडादरा, लिंबायत या भागांत गल्लोगल्ली गाणी चालू असतात. कानबाईचे रोट करायचे तर घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत प्रत्येकाची वेगळी सव्वा मूठ, मोठ्याने नाव घेऊन. त्याच गव्हाच्या पुरण भरलेल्या जाड पोळ्या म्हणजे रोट. सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. हे जेवण फक्त भाऊबंदांनी जेवायचं, बाहेरच्याला द्यायचं नाही. आणि ज्याच्या नावाची मूठ निघाली त्याने ते खाल्लंच पाहिजे.

या मुलाच्या नावाची मूठ सात वर्षांत निघाली नव्हती. आजी म्हणायची, तो खातच नाही तर मूठ वाया कशी घालायची, कानबाईचा कोप होईल. आजी दुष्ट नव्हती. नातवाला तेल लावायची, त्याच्याशी तासन्‌तास बोलायची. पण मुठी काढताना त्याच्या काकाच्या दोन मुलांची नावं घेतली जायची आणि याचं नाव गाळून परात पुढे सरकायची. ते ऐकत याची आई चुलीपाशी बसलेली असायची. हे तिने मला एकदा सांगितलं आणि वर म्हणाली, "जिता शे ना तो, ताई. मंग त्यानं नाव घ्यावाले काय व्हस?" जिवंत आहे ना, मग त्याचं नाव घ्यायला काय होतं.

ते मला लागलं. लागण्याचं कारण माझं स्वतःचं होतं. आम्ही चार बहिणी आणि एक भाऊ. माझ्या बापाच्या घरी माझ्या नावाची मूठ कधी निघाली नाही, सासरीही निघायचा प्रश्न नव्हता, कारण बायकांची मूठ काढतच नाहीत. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, माझी का नाही. सगळे हसले होते. पन्नाशी उलटली तरी ते हसणं माझ्या मनातून गेलेलं नाही. वॉर्डात भली फौजदारीण असेन, पण त्या परातीपुढे मी अजून तेवढीच पोर आहे.

त्या वर्षी श्रावणात, रविवारच्या दोन दिवस आधी, ती तपासणीला आली. चेहरा उजळलेला होता. मी पिचकाऱ्या उकळत्या पाण्यातून काढत होते, तिथे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सासू मानी गई, ताई. औंदा त्यानी बी मूठ काढतीन." यंदा त्याचीही मूठ काढणार. मग हळूच विचारलं, "खीरमा बोट बुडाईसन जिभले लावू का?"

याचं उत्तर मला पाठ होतं. तोंडावाटे काही नाही. वॉर्डातल्या त्याच्या खाटेवर लाल अक्षरांत लावलेला कागद माझ्याच हातचा होता. आणि समजा चवीपुरतं काही द्यायचं असेल तर ते डॉक्टरांनी आणि गिळणं तपासणाऱ्या बाईंनी ठरवायचं, मी नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत बसले होते. मी गेले असते तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी गेले नाही. हे मी आज अगदी सरळ लिहिते आहे, कारण पुढे कित्येक महिने मी स्वतःला सांगत होते की त्या दिवशी गर्दी होती, विचारायला वेळ मिळाला नाही. गर्दी नव्हती.

मी तिला म्हटलं, "बोट बुडाईसन नुसतं जिभले लावजो. एकच वार. घास देवाना नही." वर आवाज चढवून तेच दोनदा सांगितलं. तिने मान हलवली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी तिला झिडकारलं. मनातून मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी मी ड्यूटीवर होते. त्या घरात काय झालं ते मला नंतर त्या बाईनेच सांगितलं, थोडंथोडं. मूठ निघाली. आजोबांनी त्याचं नाव मोठ्याने घेतलं. रोट झाले, आरती झाली, सगळे भाऊबंद जेवायला बसले आणि त्यालाही मांडीवर घेऊन पंगतीत बसवलं. आईने खिरीत बोट बुडवून त्याच्या जिभेला लावलं. त्याने जीभ हलवली, ओठ चाटले. सगळी पंगत बघत होती. कुणीतरी म्हणालं, बघा, गोड कळतं त्याला. आजीच्या डोळ्याला पाणी आलं. ती म्हणाली, "घरना पोऱ्यानी घरना रोट खावाना नही, तं मंग मूठ कसाले काढी?" आणि रोटाचा तुकडा खिरीत कुस्करून तिने त्याच्या तोंडात घातला. मग आणखी एक. आईने आजीचा हात धरला नाही. सिस्टरनी हो म्हटलंय, हे तिनेच घरात आधी सांगून ठेवलं होतं. पोराला ठसका लागला नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं गिळलं.

मंगळवारी सकाळी ती त्याला घेऊन आली तेव्हा तो तापाने फणफणला होता. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. मी बघताक्षणी ओळखलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि तिला विचारलं, "मोंमां कंई आप्युं छे?" तोंडातून काही दिलंय का. तिने माझ्याकडे पाहिलं. नजर एवढीशी होती, डॉक्टरांच्या लक्षातही आली नसेल. मग ती म्हणाली, "नही साहेब. नळीमाच."

मला वाचवण्यासाठी ती खोटं बोलली. मी तिथेच उभी होते, हातात थर्मामीटर होतं. मी ताप सांगितला. एकशे तीन. दुसरं काही बोलले नाही. केसपेपरवर मीच माझ्या अक्षरात लिहिलं, तोंडावाटे काही दिलेलं नाही. वीस वर्षांत मी चुकीचं औषध कुणाला दिलं नाही, चुकीची नोंद केली नाही, आणि त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप घालून बसले. मला नोकरीची भीती होती. त्याहून जास्त, वॉर्डात ज्या आयांना मी रोज झापते त्यांच्यासमोर उघडी पडायची भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास आणखी बिघडला तेव्हा मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाले, "कल बताना चाहिए था, सिस्टर." एवढंच. औषध बदललं, त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. छातीच्या फोटोत उजवं फुप्फुस पांढरं झालेलं होतं. मी रोज ड्यूटी संपली की तिथे जायची. त्याची आई बाहेर बाकावर बसलेली असायची, मला जागा करून द्यायची, डब्यातलं खाण्याचा आग्रह करायची. आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. सहाव्या दिवशी दुपारी तो गेला.

एक दिवस आधी औषध बदललं असतं तर तो जगला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलेलं नाही. मला मेमो मिळाला नाही, चौकशी झाली नाही. अशी मुलं जातातच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

महिन्याभराने ती कफ ओढायचं मशीन परत करायला आली. केंद्राचं मशीन आम्ही घरी वापरायला देतो. तिने ते पुसून, नळ्या धुऊन, स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणलं होतं. अंगाने निम्मी झाली होती. मी ठरवून ठेवलं होतं की आज तिची माफी मागायची. तोंड उघडणार तोच तिने माझा हात धरला. "तुम्ही हा म्हन्यात म्हनीसन त्याना तोंडमा घरना घास गया, ताई," ती म्हणाली. मी हो म्हटलं म्हणून. "नही तं तसाच उपाशी जाता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी माफी मागितली असती तर तिच्याजवळ उरलेली तेवढी एकच गोष्ट मी हिसकावून घेतली असती. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आता वाटतं, गप्प बसायला मला आणखी एक निमित्त मिळालं. मी मशीन घेतलं आणि वहीत तिची सही घेतली.

दिवाळीच्या सुमाराला गोडादऱ्याची एक नवी बाई आमच्याकडे आली. चार वर्षांची मुलगी, तसंच नाकात नळी, तसंच न गिळणं. मी तिला पिचकारी धरायला शिकवत होते. सगळं शिकवून झाल्यावर तिने पिशवीतून स्टीलची एक डबी काढली. शेवयांची खीर होती. आजूबाजूला बघून तिने आवाज खाली केला आणि म्हणाली, नवागामच्या ताईंनी सांगितलं, बाकीच्या सिस्टर नाही म्हणतात, पण तुम्हाला मनापासून विचारलं तर तुम्ही हो म्हणता. त्यांचा मुलगा तापाने गेला, पण तुमच्यामुळे त्याने घरचं खाल्लं होतं म्हणे. एकच चमचा देऊ का?

वॉर्डात तेव्हा सहा-सात आया होत्या. एक जण मुलाला कुशीवर वळवत होती, बाकीच्या पिचकाऱ्या भरत होत्या. डॉक्टर दारातच कुणाशी तरी बोलत होते. मी आवाज खाली करू शकले असते. नाही म्हणून लाल कागदाकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

मी म्हटलं, "तो तापाने गेला नाही. त्याच्या छातीत खीर गेली होती. मी हो म्हटलं होतं म्हणून त्यांनी दिली, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

त्या बाईने डबीचं झाकण लावलं, डबी पिशवीत ठेवली आणि मुलीला उचलून छातीशी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या सिस्टरच्या बाजूला बसायला लागली. शनिवारी मी नवागामला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. ती दारातच टिक्की चिकटवत बसली होती, मला बघून उठली आणि हसून आत या म्हणाली. मी वॉर्डात खिरीबद्दल बोलले ती गोष्ट तिला अजून कळलेली नव्हती. ती मीच सांगायची होती.