इगतपुरीच्या गेटवर माझं कपाळ

आईला बाहेर जेवायला नेलं, त्या दिवशी आम्हा चौघांपैकी खरोखर बाहेर राहिलो तो मी एकटा.

कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. दीड वर्ष आमच्या घरात आई एकटी रांधत होती. बायको स्मिता शाळेत शिकवते, तिचा वर्ग बेडरूममध्ये भरायचा. मुलगी ऋचा कॉलेजात, म्हणजे गॅलरीत. मी अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर. कारखाना बंद असला की ती सुपरवायझरी मी घरी करायचो (त्याबद्दल घरच्यांचं मत वेगळं आहे). आईला कुणी मदत करायला गेलं की ती म्हणायची, "राहू दे, नंतर ओटा मलाच पुसावा लागतो." म्हणून आम्ही राहू दिलं.

एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "मला एकदा गरम गरम जेवायचंय. कुणीतरी वाढलेलं. मधे उठायला न लागता."

तक्रारीचा सूर नव्हता, पण मला भयंकर राग आला. व्हायरसवर आला, बंद हॉटेलांवर आला, रोज बदलणाऱ्या नियमांवर आला आणि शेवटी स्मितावर आला, कारण ती म्हणाली, "मग घेऊन जा ना." त्याच रागात मी इगतपुरीच्या एका रिसॉर्टला फोन लावला. दिवसभराची सहल, धरणाचा देखावा, दुपारी पंगतीसारखं वाढलेलं जेवण. पलीकडच्या मुलीनं नियम ऐकवले: मास्क हवा, दोन्ही डोस हवेत, ताप नको, जेवण अडीचपर्यंतच. मी हो हो म्हणालो. ताप असलेला माणूस सहलीला कशाला जाईल?

निघालो. गाडीत एसी लावायला आईची बंदी. "बंद गाडीत तो फिरत राहतो," असं तिचं म्हणणं. 'तो' म्हणजे व्हायरस. खिडक्या उघड्या, ऊन थेट अंगावर. त्यात घोटीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. तिघी झाडाखाली उभ्या राहिल्या आणि मी रणरणत्या उन्हात स्टेपनी चढवली. ऋचा सूचना करत होती. एसटीतून जाणारे लोकसुद्धा सूचना करत होते.

रिसॉर्टच्या गेटवर एक वयस्कर वॉचमन कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल घेऊन उभे होते. आई पास. स्मिता पास. ऋचा पास. माझ्या कपाळावर रोखताच ते कर्कश वाजलं.

"साहेब, तुमचं लय हाय."

"काय लय आहे?"

"टेंपरेचर. शंभरच्या वर."

"अहो काका, मी आत्ता उन्हात टायर बदललंय."

"तसं समदेच सांगतात."

"सगळेच टायर बदलतात?"

त्यांनी शांतपणे पुन्हा पिस्तूल रोखलं. "आता आणखी वाढलं."

मग मॅनेजर आला. त्याच्या तोंडावर मास्क, मास्कवर प्लास्टिकचा पडदा. तो काय बोलतो ते मला ऐकू येईना, माझं त्याला ऐकू येईना, म्हणून आम्ही दोघंही ओरडू लागलो. माझा आवाज कारखान्यातल्या मशीनच्या आवाजावर जाण्याच्या सवयीचा, त्यामुळे मी जिंकलो. पण पिस्तूल पुन्हा वाजलं.

"सर, तुम्ही रागावलात की वाढतंय," मॅनेजर म्हणाला. "झाडाखाली शांत बसा. नंतर बघू."

शांत बसा असं सांगितल्यावर शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

स्मितानं घड्याळाकडे पाहिलं. "अडीचला बंद होतं. मग आम्ही काय करू?"

"जा तुम्ही," मी म्हणालो. हे मी अशा आवाजात म्हणालो, की कुणीही जाऊ नये. त्या गेल्या. आईनं मात्र मागे वळून पाहिलं. मला जरा भरून आलं. ती म्हणाली, "गाडीतलं माझं सॅनिटायझर दे."

झाडाखालून जेवणाच्या हॉलची मोठी काच दिसत होती. तिघींना नेमकं काचेजवळचंच टेबल मिळालं. हातमोजे घातलेला वेटर आईच्या ताटात पुरी वाढत होता, आई ताटावर आडवा पंजा धरून नको नको म्हणत होती, आणि तो पंजा चुकवून वाढतच होता. ते बघताना माझा राग खरोखर उतरला. मी धावत गेटवर गेलो.

"काका, आता बघा."

पिस्तूल वाजलं. "धावत आला नं तुमी," वॉचमन म्हणाले.

तेवढ्यात स्मिताचा फोन. "अहो, तुमच्यासाठी बाहेर ताट पाठवा म्हटलं, तर पार्सलला परवानगी नाही म्हणतात."

आता मात्र डोकं फिरलं. गाडीतल्या आइसबॉक्समधली थंडगार पाण्याची बाटली काढली आणि डोक्यावर उपडी केली. कपाळावरून पाणी निथळत असताना पुन्हा गेटवर गेलो. यावेळी पिस्तूल वाजलंच नाही. वॉचमननी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"साहेब, आता तर तुमी दाखवतच नाय."

"म्हणजे?"

"मशीन लो म्हणते. असा माणूस मी आत सोडला, तर मला काय म्हणतील?"

"अहो, मी जिवंत आहे!"

हे इतक्या मोठ्यानं गेलं की हॉलमधल्या माना वळल्या. ऋचानं माझ्याकडे पाहिलं आणि जेवता जेवता मास्क वर ओढला.

मी गाडीच्या सावलीत जाऊन बसलो. डोकं वाळलं, भूक इतकी लागली की रागावायलाही त्राण उरलं नाही. मग वॉचमनच आपणहून आले, पिस्तूल रोखलं आणि म्हणाले, "अठ्ठ्याण्णव. एकदम बराबर. जावा साहेब, जेवा."

हॉलच्या दाराशी मॅनेजर म्हणाला, "सॉरी सर, किचन बंद झालं."

त्याच्यासाठी एक चांगलं लांबलचक वाक्य मी झाडाखाली तयार करून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आई आली. हात पुसत, मास्क हनुवटीवर. तिचा असा चेहरा मी दीड वर्षात पाहिला नव्हता.

"अरे, शिरा दोनदा वाढला," ती म्हणाली. "आणि पुऱ्या एकेक करून, टम्म फुगलेल्या. एकदाही उठले नाही मी."

वाक्य गिळलं. दुपारभरात पोटात गेलेलं तेवढंच.

"पोट भरलं ना?" मी विचारलं.

"भरलं. तू जेवलास ना बाहेर?"

स्मिता आणि ऋचा दोघीही धरणाकडे बघू लागल्या. "हो," मी म्हणालो.

वेटरनं तिघींचा टेबलावर फोटो काढला होता. स्मितानं तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिघी छान हसताहेत. मागच्या काचेतून एक ओलाचिंब माणूस दिसतो, त्याचा एक हात आभाळात आहे आणि त्याच्या कपाळावर कुणीतरी पिस्तूल रोखलंय. संध्याकाळी मालेगावहून मावशीचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला.

"अगं, मागे तो भिजलेला कोण?"

"काय माहीत बाई," आई गडबडीनं म्हणाली. "तिथलाच कुणीतरी होता. आम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही. थांब, तुझ्या भाच्याला देते."

मी फोन घेतला. म्हणालो, "हो मावशी, मीही पाहिला त्याला. फारच तापट वाटला."