देवमण असलेलं शिंगरू
भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला की मला दत्तजयंतीच्या यात्रेतला तापीकाठचा घोडेबाजार आठवतो. आई ठेंगणी तट्टं पाळायची, आणि त्या वर्षी सगळी गर्दी आमच्या एका शिंगरापुढे होती. ते वयात आलं तरी शेळीएवढंच राहिलं होतं. कपाळ फुगीर, खालचा जबडा पुढे, पाय वाकडे. लोक शेजारी पोरं उभी करून फोटो काढत होते. एका शेतकऱ्याने त्याच्या गळ्यावरचा भोवरा चाचपला आणि तो खूश झाला. "देवमण शे याले. मन्ही घोडीले हाऊच नर पाहिजे." देवमण ही शुभ खूण, ती दिसली की आमच्याकडे माणूस बाकीचं काही बघत नाही. आई शांतपणे म्हणाली, "भाऊ, जरा बस. हाऊ कसा उठस ते देख, मंग बोल." आणि तिने हरभऱ्याचं घमेलं वाजवलं. धुळीत पडलेल्या शिंगराने पुढचे पाय रोवले, ते घसरले, पुन्हा रोवले, पुन्हा घसरले. धापा टाकत ते उभं राहिलं तेव्हा फोटो काढणाऱ्यांनी आपली पोरं बाजूला घेतली होती. शेतकरी दुसऱ्या दावणीकडे गेला. घरी आल्यावर आईने डॉक्टरांकडून शिंगराला खच्ची करून घेतलं, आणि त्याच्या आईबापाची जोडी पुन्हा कधी लावली नाही. आता तट्टं मी पाळते. "याहून बारीक तट्टू नाही का?" असं कोणी विचारलं की मी त्याला खाट टाकून बसवते आणि आता म्हाताऱ्या झालेल्या त्याच शिंगरापुढे घमेलं वाजवते.